अठरा पूर्ण

भाचीनं वही माझ्या पर्समध्ये सरकवली.
"आत्या, तू रक्ताची आहेस आणि रक्तातलीही. तूच वाच."
मिरजेला रक्तपेढीत आहे मी, एकोणीस वर्षं.
रात्रपाळीत, फ्रीज घुमत असताना, वाचली.

नायक अद्वय. वय दोनशे बारा,
अकरावी सायन्स, ब तुकडी.
(एवढ्या वर्षांत बारावी होऊ नये? असो.)
गोरापान, हात गार, उन्हाला भितो,
डब्यात काय आणतो ते कुणी विचारत नाही.
नायिका विशल्या चौगुले, सोळा.
पहिल्याच भेटीत तो तिच्या गळ्याकडे बघतो
आणि ती म्हणते, "घे."
तिथं मी लाल पेन काढलं.

"घे" इतकं स्वस्त नसतं, श्रुतिका.
इथं साडेतीनशे मिली घ्यायला
आधी नाव विचारतात, वजन, हिमोग्लोबिन,
काल झोप झाली का, जेवून आलीस का,
मग सही. सहीशिवाय सुई नाही.
आणि अठरा पूर्ण नसतील
तर दारातूनच परत, सरबत पाजून.
तुझ्या नायकाला एवढं तरी कळू दे.
दोनशे वर्षं थांबलेला माणूस
अजून दोन थांबला तर मरणार नाही.
मरताच येत नाही त्याला, तीच तर अडचण.

त्याची भूक मात्र पुसू नकोस.
पान सातवर तू त्याला कलिंगडाचा रस पाजलास
आणि तो गप्प झाला, शहाणा, पाळीव.
असल्याच्या प्रेमात कोण पडेल?
दात खरे हवेत,
आणि दार सताड उघडं असूनही
त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायला हवं:
येऊ?
एकोणीस साली कृष्णा आपल्या माजघरात आली,
तिनं विचारलं होतं का कुणाला?
तू चौथीत होतीस. माळ्यावर बसून
भिजलेल्या वह्या मोजत होतीस.
न विचारता येणं म्हणजे काय
ते तुला ठाऊक आहे. ते लिही.

आणि घर कुठाय गं तुझ्या गोष्टीत?
चौगुल्यांकडे, आपल्यासारखंच,
दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं,
नंतर पाण्याचा घोटही नाही.
तो उठतो तेव्हा तिचं ताट घासून पालथं.
म्हणजे ही दोघं जन्मात कधी
एका वेळी जेवायची नाहीत.
बघ, हे तुझ्या हातात होतं
आणि तू आणलास काय, तर धुकं, किल्ला, काळा घोडा.
हळदीच्या वखारीमागं भेटव त्यांना.
पिवळी धूळ बसू दे त्याच्या खांद्यावर.
आरशात तो दिसत नाही ना?
मग हवेत तरंगणारी
नुसती हळद दिसू दे तिला.

सकाळी वही परत दिली.
"आत्या, तुला कसं गं हे सगळं कळतं?"
मी म्हटलं, नोकरी.

दर नव्वदाव्या दिवशी एक माणूस यायचा,
तासगावचा, द्राक्षांच्या खोक्यांवर नावं छापणारा,
ओ निगेटिव्ह.
दारात थबकून म्हणायचा, "येऊ?"
बाही स्वतःच दुमडायचा.
मी दोन बोटांनी शीर शोधायचे,
लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ.
सात वर्षं. अठ्ठावीस पिशव्या.
चहा, दोन बिस्किटं, कार्डावर पुढची तारीख.
सगळे छापील प्रश्न विचारले त्याला,
फॉर्मवर नसलेला एकही नाही.

हे श्रुतिकाला सांगितलेलं नाही.
पण आज वही पुन्हा पर्समध्ये आहे,
कलिंगड खोडलंय, घोडा गेलाय,
आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीनं, तिरकं:
"आत्या, दात तिलाच असले तर?"

कधीची शोधतेय,
लाल पेन कुठं ठेवलं ते सापडत नाहीये.